टर्की विसावते तो तास

ख्रिसमसच्या दिवशी ब्रिटिश घरात टर्कीवरून, म्हणजे अख्ख्या भाजलेल्या त्या मोठ्या पक्ष्यावरून, सहसा भांडण होत नाही. टर्की असते, जराशी कोरडी असते, आणि हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. वाद रंगतो तो तिच्या बाजूला काय असावं यावरून. आजीला ब्रेड सॉस हवाच असतो, नातवाला यॉर्कशर पुडिंग (अंडी, दूध, मैद्याचं ओव्हनमध्ये फुगवलेलं, गोड नसलेलं), मधल्या पिढीतला कुणीतरी ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे ते लिंबाएवढे कोबीचे गड्डे, पाहूनच नाक मुरडतो. सगळ्यांची मनं राखता राखता टेबलावर बारा-चौदा भांडी जमतात. त्यातली निम्मी कोमट, दोन-तीन पार गार, आणि ज्याने हे सगळं रांधलं त्याची भूक केव्हाच मेलेली.

म्हणून आवडीनिवडी जरा बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारावेत. टर्कीत काय कमी आहे? आणि ओव्हन कधी, किती वेळ मोकळा आहे? कुठलं तोंडी लावणं टेबलावर यावं याचा निकाल बहुतेक वेळा या दोन उत्तरांतच लागतो.

टर्कीच्या छातीच्या मांसाला चरबी कमी, चव सौम्य. तिला सोबत हवी ती कुरकुरीत आणि खारट गोष्टीची, आंबटाची, थोड्या कडवटाची आणि भरपूर रसाची. गोड, मऊ, मलईदार पदार्थ तिला काहीच देत नाहीत. ते तिच्यासारखेच गुळमुळीत. आठ माणसांच्या टेबलासाठी माझी यादी सातांवर थांबते: भाजलेले बटाटे, ग्रेव्ही, स्टफिंग (पावाचा चुरा आणि कांद्याचं सारण), क्रॅनबेरी या आंबट लाल फळांचा सॉस, लाल कोबी, स्प्राउट्स, पार्सनिप (गाजरासारखं फिकट, गोडसर मूळ). यातल्या क्रॅनबेरी आणि लाल कोबीला त्या दिवशी हातही लावावा लागत नाही, ग्रेव्ही आणि स्टफिंगचं मोठं काम आदल्या दिवशी उरकतं. प्रत्यक्ष दिवशी धावपळ उरते ती तिघांचीच.

पण खरं राज्य बटाट्याचं. बाकी सगळं बिघडलं आणि बटाटे जमले तर जेवण चांगलं झालं म्हणतात. उलटं झालं तर पुढच्या ख्रिसमसपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

बटाटा पिठूळ हवा. ब्रिटनमध्ये मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड घेतात. किंग एडवर्ड १९०२ पासून बाजारात आहे, मॅरिस पायपर १९६६ पासून, आणि दोन्हींचं दुकान अजून चालू आहे ते यांच्यातल्या भरपूर स्टार्चमुळे. चिकट, मेणासारख्या जातीचा बटाटा उकडल्यावर धड राहतो, कडा विरघळत नाहीत, म्हणून कवचही धरत नाही. माणशी अडीचशे ग्रॅम, म्हणजे आठ जणांना २ किलो. कच्चे बटाटे आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवू नयेत: थंडीत स्टार्चची साखर होते आणि असे बटाटे आत शिजायच्या आधी बाहेरून काळपट पडतात.

साधारण ५ सेंटिमीटरचे तुकडे करायचे, आणि शक्यतो तिरके कापायचे, कारण जितक्या कडा तितका कुरकुरीतपणा. ३ लिटर पाण्यात दीड मोठा चमचा मीठ आणि पाऊण लहान चमचा खाण्याचा सोडा. सोड्याने पाणी अल्कली होतं, बटाट्याच्या पृष्ठभागावरचं पेक्टिन (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं द्रव्य) लवकर सुटतं आणि बाहेर पिठाळ लगद्याचा थर तयार होतो. पुढे हाच थर तेल पिऊन कवच होतो. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, तेव्हा अंदाजपंचे टाकू नये. पाण्याला उकळी आल्यावर बटाटे आठ ते दहा मिनिटं. सुरीचं टोक कडेला सहज जावं, मध्यभागी थोडा अडथळा लागावा.

आता जी पायरी बहुतेक जण गाळतात ती. चाळणीत निथळलेले बटाटे तसेच आठ-दहा मिनिटं वाफ सोडत पडू द्यायचे. ओले बटाटे गरम तेलात पडले की पहिली वीस मिनिटं पाणी उडवण्यातच जातात, आणि तोवर ओव्हनची वेळ संपत आलेली असते. वाफ गेली की पृष्ठभाग पांढुरका, कोरडा दिसू लागतो. मग परत रिकाम्या पातेल्यात घालून, झाकण धरून, तीन-चार दणके द्यायचे. कडा खरबरीत झाल्या पाहिजेत. दणके देताना हात आखडला तर बटाटा गुळगुळीत राहतो. जोर जास्त झाला तर तळाशी भरीत उरतं.

दरम्यान दोन मोठ्या ट्रेमध्ये मिळून १२० मिलिलिटर हंसाची चरबी, बीफ ड्रिपिंग (बीफची वितळवलेली चरबी) किंवा साधं रेपसीड तेल ओव्हनमध्ये दहा मिनिटं तापत ठेवलेलं असावं. ओव्हन २२० अंश सेल्सियसला, पंख्याचा असेल तर २००. बटाटा ठेवताच चुर्र असा आवाज आला पाहिजे. दोन तुकड्यांच्या मधे बोटभर जागा सोडायची. एकाच ट्रेमध्ये २ किलो कोंबले की ते भाजले न जाता एकमेकांच्या वाफेवर शिजतात. गिचमिड हे बटाटे फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे, चरबीचा प्रकार नव्हे. हंसाची चरबी चव देते, हे खरं, पण हंसाची चरबी आणि ओले बटाटे यांच्यापेक्षा साधं तेल आणि कोरडे बटाटे कधीही बरे. पहिली तीस मिनिटं ढवळू नये. मग उलटायचे, आणखी वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर काढल्यावर झाकायचे नाहीत. फॉइलखाली पाच मिनिटांत तासाभराच्या कष्टांवर पाणी पडतं, आणि ते वाफेचंच पाणी असतं.

उकडून, दणके देऊन, तेल चोळून आदल्या रात्री फ्रीजमध्ये उघडे ठेवले तरी चालतात. उलट थंड, कोरड्या हवेत पृष्ठभाग आणखी सुकतो.

आता आंबट. क्रॅनबेरी सॉस विकत आणणाऱ्यांची कीव येते, कारण त्याहून सोपं या टेबलावर काही नाही. ३०० ग्रॅम क्रॅनबेरी, १५० ग्रॅम साखर, २०० मिलिलिटर पाणी किंवा संत्र्याचा रस, मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं. फळं फुटायला लागतात, बहुतेक फुटली की उतरवायचं. त्या वेळी ते फारच पातळ वाटतं आणि इथेच माणूस चुकतो: अजून थोडं आटवू म्हणतो. क्रॅनबेरीत पेक्टिन आणि आम्ल दोन्ही भरपूर असतं, थंड झाल्यावर ती आपोआप घट्ट होते. पातेल्यातच घट्ट दिसेपर्यंत आटवलेला सॉस दुसऱ्या दिवशी रबराच्या वडीसारखा कापावा लागतो.

लाल कोबीला दीड-दोन तास लागतात, पण ते मंद आचेवरचे तास, लक्ष मागत नाहीत. १ किलो कोबी बारीक चिरून, दोन कांदे, दोन आंबट सफरचंदं, ४० ग्रॅम लोणी, ७५ मिलिलिटर सफरचंदाचं व्हिनेगर, ५० ग्रॅम तपकिरी साखर, दालचिनीचा तुकडा, तीन लवंगा, मीठ. व्हिनेगर अगदी सुरुवातीलाच घालायचं, त्याला दोन कारणं आहेत. कोबीचा रंग ज्या अँथोसायनिनमुळे असतो तो आम्लात लाल राहतो आणि अल्कलीत निळसर होतो. कठीण पाण्यात आम्लाशिवाय शिजवलेला लाल कोबी शाईत बुडवल्यासारखा दिसतो. दुसरं, आम्लामुळे पेशींच्या भिंती लवकर विरघळत नाहीत, म्हणून दोन तासांनीही कोबीला चावा राहतो. शिजताना आंबटपणा मात्र मावळतो. उतरवल्यावर चाखून आणखी एक चमचा व्हिनेगर लागतंच. दोन-तीन दिवस आधी केलेला कोबी ताज्यापेक्षा चांगला लागतो आणि गोठवलेलाही बिघडत नाही.

क्रॅनबेरी असताना लाल कोबी कशाला, असं विचारतात. क्रॅनबेरी चमचाभर घ्यायची, चटणीसारखी. कोबी भाजी म्हणून खायचा. दोन्हींतलं एकच ठेवायचं झालं तर मी कोबी ठेवीन.

ब्रसेल्स स्प्राउट्सची बदनामी उकडण्यामुळे झाली. कोबीच्या कुळातल्या सगळ्यांसारखीच त्यांच्यात गंधकाची संयुगं असतात. जास्त वेळ उकडली की ती मोकळी होतात आणि घरभर तो सडका वास पसरतो. कडूपणाचा मामला वेगळा. तो सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन या घटकांमुळे येतो हे नेदरलंड्समधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं, आणि त्यानंतर बियाणं तयार करणाऱ्यांनी ही द्रव्यं कमी असलेल्या जाती पुढे आणल्या. लहानपणी स्प्राउट्स खाऊन ज्यांनी कायमचा निर्णय घेतला, त्यांनी खाल्लेली भाजी आता बाजारात फारशी मिळत नाही. ते मात्र आपल्या निर्णयावर ठाम असतात.

देठाला फुली मारायची जुनी पद्धत सोडून द्यावी. त्या फुलीतून पाणी आत शिरतं आणि गड्डा मध्यभागी पचपचीत होतो. १ किलो स्प्राउट्स उभे अर्धे करायचे. जाड बुडाच्या तव्यात दोन चमचे तेल चांगलं तापवून कापलेली बाजू खाली ठेवायची आणि चार-पाच मिनिटं अजिबात हलवायचं नाही. इथे उतावीळपणा महागात पडतो: सारखं परतलं तर रंग येत नाही, रंग नाही तर तो खमंग गोडवा नाही. खालची बाजू गडद तपकिरी झाली की पाव वाटी पाणी, झाकण, दोन ते तीन मिनिटं. मग लोणी, लिंबू, हवे तर १५० ग्रॅम शिजवलेले चेस्टनट. चुरचुरीत कडा आणि मध्ये हिरवागार चावा. एका तव्यात किलोभर मावत नाही. दोन तवे घ्यावेत किंवा दोनदा करावं. आणि हे सगळं शेगडीवर होतं, ओव्हनकडे बघावंही लागत नाही. माझ्या लेखी स्प्राउट्सची जागा पक्की होते ती यामुळे.

पार्सनिपबद्दल थोडक्यात. थंडी पडल्यावर त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून डिसेंबरातला पार्सनिप गोड. तीच साखर त्याला बटाट्यापेक्षा लवकर जाळते. तेव्हा बटाट्यांबरोबर एकाच वेळी ट्रेमध्ये टाकायचे नाहीत, शेवटच्या पस्तीस मिनिटांत टाकायचे. जाड मुळांच्या मधला दांडा लाकडासारखा असतो, तो काढून टाकावा. मध लावायचा तर शेवटच्या दहा मिनिटांत, आधी लावला तर डांबर होतं.

ग्रेव्ही ही ज्या दिवशी जेवण त्याच दिवशी, टर्कीच्या ट्रेमधल्या अर्कातूनच करायची असते, असा एक हट्ट आहे. चव त्या अर्कात असते, बरोबर. पण आठ माणसांना ८०० मिलिलिटर तरी लागते आणि ट्रेमध्ये निघतो वाटीभर. शिवाय त्या क्षणी स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त गर्दी असते, आणि गुठळ्या नेमक्या तेव्हाच होतात. म्हणून पाया आधी तयार ठेवावा. १ किलो कोंबडीचे पंख २०० अंशांना पाऊण तास भाजायचे, कांदा-गाजर-सेलरीसह २ लिटर पाण्यात अडीच तास मंद उकळायचे, गाळून आटवून लिटरभर रस्सा करायचा. टर्कीची मान आणि पोटातले अवयव मिळाले तर तेही घालावेत. यकृत सोडून, त्याने कडवटपणा येतो. ५० ग्रॅम लोण्यात ५० ग्रॅम मैदा बदामी होईपर्यंत परतून त्यात हा रस्सा थोडा थोडा घालत जायचं. मीठ अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी टर्की बाहेर आली की ट्रेमधली चरबी काढून टाकायची, तळाला चिकटलेलं थोड्या पाण्याने खरवडून सोडवायचं आणि गाळून तयार ग्रेव्हीत मिसळायचं. मग चाखून मीठ. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या टर्कीचा अर्क इतका खारट असू शकतो की आधीच मीठ घातलेली ग्रेव्ही फेकून द्यावी लागते.

स्टफिंग टर्कीच्या पोटात भरू नये. परंपरावादी रागावतील, पण हिशोब सरळ आहे. सुरक्षित होण्यासाठी पोटातल्या स्टफिंगच्या मध्यालाही ७४ अंश गाठावे लागतात, आणि उष्णता तिथे सगळ्यात शेवटी पोचते. तोवर छातीचं मांस भुसा झालेलं असतं. वेगळ्या भांड्यात केलं तर वरचा थर खरपूस होतो, हा वर नफा. दोन मोठे कांदे ७५ ग्रॅम लोण्यात पंधरा मिनिटं सावकाश शिजवायचे, त्यात दोन मोठे चमचे सेज या सुगंधी वनस्पतीची चिरलेली पानं, २५० ग्रॅम वाळलेल्या पावाचा चुरा, एक अंडं, हवं तर ४०० ग्रॅम सॉसेजचं मांस, आणि ओलसर होईल इतकाच रस्सा. चुरा खरोखर वाळलेला हवा. ताजा पाव रस्सा पिताच लुकणासारखा होतो. १८० अंशांना चाळीस मिनिटं. म्हणजे टर्कीच्याच तापमानाला, तिच्या शेवटच्या चाळीस मिनिटांत, खालच्या कप्प्यात ते होऊन जातं. नंतर झाकून ठेवलं तर अर्धा-पाऊण तास गरम राहतं.

यादीबाहेरच्यांचं काय? यॉर्कशर पुडिंगला मी सरळ नाही म्हणतो. ते बीफचं सोबती, पण मुख्य आक्षेप तो नाही. त्याला वीस-पंचवीस मिनिटं कडक तापलेला आणि दार न उघडलेला ओव्हन लागतो, आणि त्या वीस मिनिटांत बटाटे उलटायचे, पार्सनिपला मध लावायचा असतो. कुणीतरी एक जण पडणार हे ठरलेलं. फ्लॉवर चीज आणि कुस्करलेले बटाटे मऊपणात भर घालतात, एवढंच. अमेरिकेतलं ग्रीन बीन कॅसरोल, जे १९५५ साली कॅम्पबेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या स्वयंपाकघरात डॉर्कस राइली यांनी तयार केलं, तेही याच कारणाने अडचणीचं: चांगलं लागतं, पण ओव्हन मागतं नेमका गर्दीच्या वेळी.

ब्रेड सॉस मात्र इतका तुच्छ नाही. मध्ययुगातून आलेला हा पदार्थ दिसायला लापशीसारखा, पण लवंगेचा वास टर्कीला फार शोभतो. ६०० मिलिलिटर दुधात सहा लवंगा टोचलेला अर्धा कांदा, तमालपत्र, मिरी. गरम करून अर्धा तास मुरू द्यायचं, गाळून ११० ग्रॅम पांढऱ्या पावाचा चुरा आणि थोडं लोणी. ठेवल्यावर तो घट्ट होत जातो, म्हणून अर्धी वाटी दूध राखून ठेवावं. घरात कुणी मागणारं असेल तर करावा, नसेल तर कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. बेकनमध्ये गुंडाळलेल्या छोट्या सॉसेजेसना टेबलावर खरं तर काहीच काम नाही. पण ती टेबलावरून काढायची हिंमत माझ्यात नाही.

शेजारच्या देशांतल्या टेबलांकडे पाहिलं की ओव्हनचा मुद्दा आणखी पटतो. जर्मनीत हंसाबरोबर लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे. दोन्ही शेगडीवर. डेन्मार्कमध्ये बदक, हंस किंवा डुकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर लाल कोबी आणि कॅरमेलात घोळवलेले छोटे बटाटे. तेही शेगडीवरच: १०० ग्रॅम साखर न ढवळता वितळवायची, ५० ग्रॅम लोणी, मग आदल्या दिवशी उकडून सोललेले १ किलो थंड बटाटे. थंड बटाट्यांनी कॅरमेल आधी कडक होतं, घाबरायचं नाही, दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा वितळून बटाट्यांना चकाकी देतं. ओव्हनमध्ये पक्षी आणि बाकी सगळं चुलीवर, अशी वाटणी तिथे पिढ्यान् पिढ्या बसलेली आहे. भाजलेल्या बटाट्यांचा हट्ट ब्रिटिशांचा, म्हणून वेळापत्रकही त्यांनाच लागतं.

ते असं. दुपारी दोनला जेवायचं आहे असं धरू, म्हणजे तीनला टीव्हीवर लागणाऱ्या राजाच्या ख्रिसमस भाषणापर्यंत ताटं रिकामी होतील. टर्की ५ किलोची. १८० अंशांना किलोमागे वीस मिनिटं अधिक नव्वद, म्हणजे तीन तास दहा मिनिटं. नऊ चाळीसला आत, बारा पन्नासला बाहेर. पण घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा, मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता, ७४ अंश. बारा दहाला स्टफिंग खालच्या कप्प्यात. साडेबाराला बटाटे उकळत्या पाण्यात. टर्की बाहेर येताच ओव्हन २२० वर, तेलाचे ट्रे आत. एक वाजता बटाटे. एक वीसला पार्सनिप खालच्या कप्प्यात. दीडला बटाटे उलटायचे आणि ट्रेंची वर-खाली अदलाबदल. त्याच वेळी दार दोन सेकंद जास्त उघडं ठेवून कोंडलेली वाफ जाऊ द्यावी: तीन ट्रेमधून निघणारा ओलावा कुरकुरीतपणाचा वैरी आहे. पावणेदोनला कोबी आणि ग्रेव्ही गरम करायला, स्प्राउट्स तव्यावर. त्याच सुमारास टर्की कापायला घ्यायची.

बारा पन्नास ते पावणेदोन टर्की काय करते? काही नाही. फॉइल सैल टाकून ओट्यावर विसावते, तिच्या आतला रस मांसात परत धरला जातो, आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला तासाभरात थंडी वाजत नाही. ‘टर्की गार होईल’ या भीतीने जे लोक ती शेवटच्या मिनिटापर्यंत आत ठेवतात, ते बटाट्यांचा तास खाऊन टाकतात. मग बटाटे १८० अंशांवर टर्कीच्या वाफेत बसून राहतात, पिवळट आणि तेलकट. ताटं मात्र गरम हवीत. गार ताटावर उकळती ग्रेव्हीही दोन मिनिटांत साय धरते.

टेबलावर शाकाहारी माणूस असेल तर वेगळा स्वयंपाक मांडायची गरज नाही, आधी थोडं ठरवावं लागतं. बटाटे आणि पार्सनिप तेलात केले तर ते सगळ्यांचेच. स्टफिंगमध्ये सॉसेज न घालता भाजीचा रस्सा वापरावा आणि सॉसेजचे गोळे वेगळे भाजावेत. ग्रेव्हीसाठी ४०० ग्रॅम मशरूम चिरून, पाणी सुटून पूर्ण आटेपर्यंत आणि तळ तपकिरी होईपर्यंत, सुमारे वीस मिनिटं परतायचे. मग चमचाभर सोया सॉस, मैदा आणि अर्धा लिटर भाजीचा रस्सा, दहा मिनिटं उकळून गाळायचं. वाढताना दोन्ही ग्रेव्ह्यांची भांडी वेगवेगळ्या आकाराची घ्यावीत, आणि चमचेही, कारण दुसऱ्या वाढणीला कुणीच बघून वाढत नाही.